स्क्रिप्ट अडवण्यासाठी कोणतं एक्स्टेन्शन घ्यावं आणि ते कसं लावावं

प्रश्न असा आहे: ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट (पानासोबत येऊन तिथे चालणारा कोड) अडवणारी नोस्क्रिप्ट, यूब्लॉक ओरिजिन, यूमॅट्रिक्स, प्रायव्हसी बॅजर अशी बरीच एक्स्टेन्शन्स मिळतात. सुरक्षिततेसाठी त्यांतलं कोणतं घ्यावं, दोन-तीन एकदम लावली तर संरक्षण वाढतं का, आणि बँकेच्या किंवा तिकिटांच्या साइट बंद तर पडणार नाहीत ना?

घाईत असाल तर एवढंच करा. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन बसवा आणि त्याची 'मीडियम मोड' नावाची मांडणी लावा. तिच्यात परक्या, म्हणजे त्या साइटच्या नसलेल्या, डोमेनवरून (पत्त्यावरून) येणाऱ्या स्क्रिप्ट आणि फ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) आधीच बंद राहतात. दर डोमेनचा हिशोब स्वतः ठेवायची तयारी असेल तर नोस्क्रिप्ट घ्या. क्रोम सोडायचंच नसेल तर यूब्लॉक ओरिजिन लाइट लावा आणि त्यात काय कमी आहे ते खाली वाचा. यूमॅट्रिक्स आता घेऊ नका. प्रायव्हसी बॅजर चांगलं आहे, पण त्याचं काम वेगळं आहे.

बहुतेक जण 'कोण जास्त अडवतं' हे पाहून एक्स्टेन्शन निवडतात, आणि तिथेच चुकतात. अडवणं फार सोपं आहे. जावास्क्रिप्ट, म्हणजे या स्क्रिप्टची भाषा, सरसकट बंद करायला एक्स्टेन्शनही लागत नाही, क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये त्याचं साधं बटण आहे. अवघड असतं ते मोकळं करणं. पान अर्धवट उघडतं, मेनू हलत नाही, कॅप्चा (तुम्ही माणूस आहात हे तपासणारं कोडं) दिसत नाही, आणि त्या क्षणी कोणाला आत सोडायचं हे तुम्हाला अर्ध्या मिनिटात ठरवावं लागतं. हा निर्णय दिवसातून वीसदा घ्यावा लागला की माणूस आठवड्याभरात कंटाळतो आणि 'या पानावरचं सगळं चालू करा' हे बटण डोळे मिटून दाबायला लागतो. मग एक्स्टेन्शन असून नसल्यासारखंच. म्हणून ज्याचं मोकळं करण्याचं काम तुम्ही वर्षभर नीट करत राहाल, तेच एक्स्टेन्शन तुमच्यासाठी योग्य.

कोणती स्क्रिप्ट घरची, कोणती परकी

एखाद्या बातम्यांच्या साइटवरचं एक पान उघडलं तर त्यात दोन डझन डोमेनवरून स्क्रिप्ट येणं नवलाचं नाही. त्यांतली एक-दोन साइटच्या स्वतःच्या डोमेनवरची असतात, त्यांना घरच्या म्हणू. बाकीच्या जाहिराती, मोजदाद, शेअरची बटणं, चॅटची खिडकी, फॉन्ट, व्हिडिओ यांच्या, म्हणजे परक्या. ब्राउझर मात्र हा भेद करत नाही. पानात आलेल्या परक्या स्क्रिप्टला घरच्या स्क्रिप्टइतकेच अधिकार मिळतात. ती पानावरचा मजकूर बदलू शकते आणि तुम्ही फॉर्ममध्ये काय टाइप करता ते वाचू शकते.

याचे धडे जगाने महागात घेतले आहेत. 2018च्या फेब्रुवारीत 'ब्राउझअलाउड' नावाच्या सेवेच्या स्क्रिप्टमध्ये कोणीतरी फेरफार केला. पानावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी ही सेवा अनेक सरकारी साइट वापरत होत्या. त्या एका फाइलमुळे चार हजारांहून अधिक साइट पाहुण्यांच्या संगणकावर गुपचूप 'कॉइनहाइव्ह'च्या कोडने आभासी चलनाची नाणी खणू लागल्या, आणि त्यांत ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाची साइटही होती. 2024च्या जूनमध्ये तसंच 'पॉलीफिल' या प्रसिद्ध स्क्रिप्टच्या बाबतीत झालं. तिचं डोमेन त्याच वर्षी फेब्रुवारीत एका दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं होतं, पुढे त्या पत्त्यावरून घातक कोड जाऊ लागला, आणि ती स्क्रिप्ट लावलेल्या साइटची संख्या एक लाखाच्या वर होती. दोन्ही वेळी त्या साइटच्या मालकांनी स्वतः काहीच बदललं नव्हतं. ज्यांच्या ब्राउझरमध्ये परक्या स्क्रिप्ट आधीच अडवलेल्या होत्या, त्यांच्यापर्यंत तो कोड पोचलाच नसता. मीडियम मोडची शिफारस करण्यामागचं कारण हेच.

मर्यादाही इथेच सांगतो. 2018च्याच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवरून ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरली गेली. तिथे चोरांनी अवघ्या 22 ओळी विमान कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरच्या एका जुन्या फाइलमध्ये घुसवल्या होत्या. म्हणजे स्क्रिप्ट घरची होती, आणि परक्या स्क्रिप्ट अडवून ती थांबली नसती. चोरलेली माहिती मात्र 'बीएवेज डॉट कॉम' या परक्या पत्त्यावर जात होती. सर्वच परक्या विनंत्या (पानाने बाहेरच्या पत्त्यांशी केलेली देवाणघेवाण) बंद करणाऱ्या कडक मांडणीत तो रस्ता तोडला गेला असता. (योगायोग पाहा: कंपनीला 2020 मध्ये 2 कोटी पौंडांचा दंड ठोठावणारं माहिती आयुक्त कार्यालय तेच, ज्याची स्वतःची साइट ब्राउझअलाउडच्या वेळी सापडली होती.)

आणि फिशिंग. खोट्या बँकेच्या पानाला स्क्रिप्टची गरजच नसते, साधा फॉर्म पुरतो. 'लाइट बिल थकलंय, हे ॲप टाका' म्हणून आलेली एपीके फाइल, किंवा तुम्ही स्वतःच चालवलेला सेटअप यावरही स्क्रिप्ट अडवण्याचा काही उपयोग नाही. ही अपेक्षा ठेवून एक्स्टेन्शन घेऊ नका.

एक्स्टेन्शनलाच सगळ्या किल्ल्या

स्क्रिप्ट अडवणाऱ्या बहुतेक एक्स्टेन्शनना 'सर्व साइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी द्यावी लागते, तिच्याशिवाय ती पूर्ण काम करू शकत नाहीत. म्हणजे ज्या परक्या कोडपासून वाचायचं, तसाच एक परका कोड आपण स्वतः आणून बसवतो, तोही दर पानावर. इथे कुंपणच शेत खातं अशी उदाहरणं कमी नाहीत. 'द ग्रेट सस्पेंडर' हे टॅब झोपवणारं एक्स्टेन्शन वीस लाखांहून अधिक लोक वापरत होते. मूळ लेखकाने ते 2020 मध्ये विकलं, आणि 2021च्या फेब्रुवारीत घातक म्हणून गूगलला ते काढावं लागलं. 'नॅनो ॲडब्लॉकर' आणि 'नॅनो डिफेंडर' हे तर याच क्षेत्रातले. 2020च्या ऑक्टोबरमध्ये मालक बदलले आणि लगोलग वापरणाऱ्यांची माहिती बाहेर जाऊ लागली. 2024च्या डिसेंबरात 'सायबरहेवन' या सुरक्षा कंपनीच्याच कर्मचाऱ्याला फिशिंगमध्ये फसवून तिच्या एक्स्टेन्शनची बिघडवलेली आवृत्ती अधिकृत दुकानातून पाठवली गेली. वापरणाऱ्यांनी काहीही केलं नव्हतं, अपडेट आपोआप आलं.

तेव्हा दोन-तीन एकदम लावून संरक्षण वाढतं का, याचं उत्तर नाही. एक ना धड भाराभर चिंध्या होतात, आणि प्रत्येक चिंधीबरोबर किल्ल्यांचा आणखी एक जुडगा बाहेर जातो. शिवाय पान बिघडलं तर नेमकं कोणी अडवलं हे शोधायला तिप्पट वेळ जातो. एकच जोडी मला मान्य आहे: यूब्लॉक ओरिजिन मूळ, हलक्या मांडणीत ठेवून केवळ जाहिरात-याद्यांसाठी, आणि स्क्रिप्टचा कारभार पूर्णपणे नोस्क्रिप्टकडे. दोघांनाही स्क्रिप्ट अडवायला लावू नका.

बसवताना नाव आणि लेखक दोन्ही वाचा. यूब्लॉक ओरिजिनचा लेखक रेमंड हिल, नोस्क्रिप्टचा जॉर्जिओ माओने. नुसतं 'यूब्लॉक' हे वेगळं आहे. 2015 मध्ये हिल यांनी तो प्रकल्प दुसऱ्याच्या हाती दिला आणि स्वतः 'ओरिजिन' नावाने पुढे काम चालू ठेवलं; ते नुसतं 'यूब्लॉक' नंतर 'ॲडब्लॉक' या दुसऱ्या जाहिरात-रोधकाच्या कंपनीकडे गेलं. दुकानात शोधल्यावर सगळ्यात वर येणारं नाव खरंच असेल असं धरून चालू नका. 2017 मध्ये 'ॲडब्लॉक प्लस'च्या नावाचं खोटं एक्स्टेन्शन क्रोमच्या दुकानात शिरलं होतं आणि ते 37 हजार जणांनी बसवलंही होतं. फायरफॉक्सच्या दुकानात 'रेकमेंडेड'ची खूण असलेल्या एक्स्टेन्शनचा कोड मोझिला तपासते. ती खूण पाहून घ्यावी.

यूब्लॉक ओरिजिन: मीडियम मोड लावायची रीत

नुसतं बसवलं की ते 'ईझी मोड'मध्ये असतं, म्हणजे जाहिराती आणि पाठलाग करणाऱ्यांच्या तयार याद्यांतली नावंच फक्त अडतात. हेही बरंच काम करतं, घरातल्या मोठ्यांच्या संगणकावर तेवढंच ठेवावं. पुढे जायचं असेल तर:

1. चिन्हावर क्लिक करून दातेरी चाकाने डॅशबोर्ड उघडा. 'सेटिंग्ज' टॅबमध्ये 'आय ॲम ॲन ॲडव्हान्स्ड यूजर' पुढे टिक करा.

2. कुठलंही साधं पान उघडून पुन्हा चिन्हावर क्लिक करा. डोमेनची यादी दिसत नसेल तर 'मोअर' दाबत राहा. यादीच्या डावीकडे नावं आणि उजवीकडे दोन उभे रकाने दिसतील. पहिला रकाना सगळ्या जगासाठी, दुसरा फक्त चालू साइटसाठी. हा एकच फरक पक्का डोक्यात ठेवा, निम्म्या चुका इथेच होतात.

3. वरच्या ओळींत 'थर्ड-पार्टी स्क्रिप्ट्स' आणि 'थर्ड-पार्टी फ्रेम्स' शोधा. दोन्हींच्या पहिल्या रकान्यात माउस नेल्यावर रंग दिसतात. लाल भाग दाबा.

4. वर कुलपाचं चिन्ह आलं असेल, ते दाबा. कुलूप दाबेपर्यंत नियम तात्पुरते असतात. शेजारचं खोडरबर दाबलं की तात्पुरते बदल पुसले जातात.

'इनलाइन स्क्रिप्ट्स' आणि 'फर्स्ट-पार्टी स्क्रिप्ट्स' या ओळींना जगासाठीच्या रकान्यात हात लावू नका. त्या बंद केल्या की अर्धं वेब बंद पडतं, आणि मग वर सांगितलेला कंटाळा ठरलेला.

रंगांचा अर्थ: लाल म्हणजे बंद. करडा म्हणजे 'तुझा हा नियम इथे लावू नको, पण याद्यांतलं अडवणं चालू ठेव'. हिरवा म्हणजे याद्यांनाही बाजूला सारून सरळ आत. मोकळं करताना नेहमी करडाच वापरायचा. हिरव्याने एखादं जाहिरातीचं डोमेनसुद्धा आत येतं, आणि कुलूप लावून तुम्ही ते कायमचं करून ठेवता. रकान्यांतल्या अधिक-उणे खुणा किती विनंत्या गेल्या आणि किती अडल्या ते सांगतात: एक खूण म्हणजे दहाच्या आत, दोन म्हणजे शंभराच्या आत, तीन म्हणजे त्याहून जास्त.

घरचं-परकं ठरवताना यूब्लॉक मूळ डोमेन पाहतं. म्हणजे एखाद्या वृत्तपत्राच्या डोमेनपुढे 'स्टॅटिक' किंवा 'इमेजेस' लागलेला पत्ता घरचाच धरला जातो. पण त्याच कंपनीने फाइली ठेवण्यासाठी शेवटी 'सीडीएन' जोडून वेगळं नाव नोंदवलं असेल तर ते परकं ठरतं. साइट बिघडण्याचं पहिलं कारण बहुधा हेच निघतं.

पान बिघडलं, आता?

पान कोरं दिसतं, पण तुम्हाला फक्त वाचायचं आहे? मग काहीच मोकळं करू नका. विंडोजवर फायरफॉक्समध्ये एफ-9 दाबून वाचनाचा देखावा पाहा. मजकूर बहुधा पानात आलेला असतो, फक्त स्क्रिप्ट चालेपर्यंत साइटने तो लपवून ठेवलेला असतो. चित्रांच्या जागी करडे चौकोन दिसत असतील तर चित्रं स्क्रिप्टने उशिरा आणायची पद्धत आहे. चित्र गरजेचं नसेल तर तेही सोडून द्या.

काम करायचंच असेल तर दुसऱ्या रकान्यात, म्हणजे फक्त या साइटसाठी, एकेक डोमेन करडं करा आणि पान रीलोड करा. क्रम असा ठेवा. आधी ज्यात साइटचंच नाव किंवा कंपनीचं आद्याक्षर आहे ते. मग सार्वजनिक कोठारं: गूगलचं 'एजॅक्स' कोठार, 'कोड डॉट जेक्वेरी', 'सीडीएनजेएस', 'जेएसडेलिव्हर', 'अनपॅकेज'. मग कॅप्चा. नावात 'ॲनालिटिक्स', 'टॅग मॅनेजर', 'पिक्सेल', 'मेट्रिक्स', 'ॲड' असं काही असेल त्यांना बंदच राहू द्या. त्यांच्यावाचून साइटचं काम क्वचितच अडतं.

सार्वजनिक कोठारांबद्दल एक सावधगिरी. 'जेएसडेलिव्हर' आणि 'अनपॅकेज' यांवर कोणीही आपला कोड ठेवू शकतं, कारण ती एनपीएमवर (जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या खुल्या भांडारावर) आलेली कुठलीही गोष्ट वाढून देतात. 'क्लाउडफ्रंट' या फाइली वाढणाऱ्या सेवेचंही तसंच, तिथे पैसे भरून कोणालाही उप-पत्ता मिळतो. म्हणून ही नावं पहिल्या रकान्यात, म्हणजे सगळ्या जगासाठी, कधीही मोकळी करायची नाहीत. ज्या साइटला लागतील तिथेच, आणि क्लाउडफ्रंटच्या बाबतीत पूर्ण उप-पत्त्यापुरतीच.

एक डोमेन मोकळं केलं की रीलोडनंतर यादीत नवी नावं उगवतात, कारण त्या स्क्रिप्टने आणखी पाहुणे बोलावलेले असतात. तीन फेऱ्यांत पान चालू झालं नाही तर झटापट थांबवा. त्या साइटसाठी दुसऱ्या रकान्यात 'थर्ड-पार्टी स्क्रिप्ट्स' आणि 'थर्ड-पार्टी फ्रेम्स' या दोन ओळीच करड्या करा. त्या साइटपुरतं तुम्ही ईझी मोडवर आलात, आणि याद्यांचं संरक्षण तरीही शिल्लक आहे. हा पराभव नाही, मांडणीतच धरलेली सोय आहे. या उतरणीसाठी 'रिलॅक्स ब्लॉकिंग मोड' नावाचा कीबोर्ड शॉर्टकटही नेमता येतो: फायरफॉक्सच्या ॲड-ऑन पानावर दातेरी चाक, मग 'मॅनेज एक्स्टेन्शन शॉर्टकट्स'.

गूगलच्या कॅप्चासाठी दोन गोष्टी लागतात हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. 'जीस्टॅटिक'ची स्क्रिप्ट आणि गूगलच्या डोमेनची स्क्रिप्ट व फ्रेम. एकच मोकळं केलं तर चौकोन येतो पण टिक होत नाही, किंवा चित्रांची खिडकी उघडतच नाही. काही साइट गूगलऐवजी 'रीकॅप्चा डॉट नेट' हा पत्ता वापरतात. क्लाउडफ्लेअरची 'तुम्ही माणूस आहात का' ही तपासणी असेल तर त्याचा 'चॅलेंजेस' ने सुरू होणारा पत्ता.

पैसे भरताना

इथे प्रयोग करायचे नाहीत. भारतात कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना ओटीपीसारखा दुसरा टप्पा रिझर्व्ह बँकेने 2009 पासून सक्तीचा केला आहे. दुकानाचं पान, पेमेंट गेटवे आणि कार्ड देणाऱ्या बँकेचं ओटीपीचं पान ही तीन वेगळी डोमेन असतात, आणि तिसरं अगदी शेवटच्या क्षणी, कित्येकदा फ्रेममध्ये उघडतं. त्याचं नाव आधी यादीत दिसतच नाही, त्यामुळे आधी मोकळं करून ठेवता येत नाही. परक्या फ्रेम बंद असतील तर फोनवर ओटीपी येतो आणि पडद्यावर नुसता पांढरा चौकोन. त्या वेळी नियम बदलून पान रीलोड केलं तर सत्र तुटतं, किंवा पैसे खात्यातून वजा होऊन ऑर्डर मात्र अडकते. अमेरिकेत किंवा आखातात राहून तिथल्या कार्डाने खरेदी करणाऱ्यांना ही अडचण कमी येईल, पण इथली नेट बँकिंग तिथून वापरताना हमखास येते.

उपाय वेगळ्या प्रोफाइलचा. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट' नंतर विसर्गासारखे दोन टिंब आणि 'प्रोफाइल्स' (सगळं इंग्रजीत, जागा न सोडता) असं टाकलं की नवं प्रोफाइल काढता येतं. त्याला 'व्यवहार' असं नाव द्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन मूळ ईझी मोडमध्ये ठेवा, दुसरं एकही एक्स्टेन्शन नको. बँक, आयकर, रेल्वेचं तिकीट, विजेचं बिल एवढंच तिथे, आणि पत्ता हाताने टाकून किंवा बुकमार्कवरून. बातम्या, शोध, मेलमधले दुवे यांना त्या प्रोफाइलमध्ये प्रवेश नाही. आयकराच्या पोर्टलसारख्या साइट स्क्रिप्टशिवाय एक अक्षरही दाखवत नाहीत, तिथे अडवाअडवीत वेळ घालवण्यात अर्थ नाही.

नोस्क्रिप्ट कोणासाठी

2005 पासून चालत आलेलं हे एक्स्टेन्शन ओळख लपवून वेब पाहण्यासाठीच्या टॉर ब्राउझरमध्ये आधीपासून बसवलेलं असतं, यावरून त्याच्यावरचा भरवसा कळावा. याची भूमिका उलटी आहे: घरची-परकी सगळ्याच स्क्रिप्ट बंद, तुम्ही नाव घ्याल तीच चालू. जोडीला फॉन्ट, व्हिडिओ, वेबजीएल (पानावरचं त्रिमिती चित्रण) यांवरही ताबा, आणि एका साइटने दुसरीत कोड घुसवायचा प्रयत्न केला तर ते पकडणारी एक्सएसएस तपासणी. ही तपासणी फायरफॉक्सवरच आहे, क्रोमवरच्या नोस्क्रिप्टला ती जमत नाही.

यात गोम आहे ती 'ट्रस्टेड' या शब्दात. एखादं डोमेन ट्रस्टेड केलं की ते सगळीकडे चालू होतं, केवळ त्या साइटवर नव्हे. मेलसाठी म्हणून गूगलला ट्रस्टेड केलंत तर इतर हजारो साइटवर बसलेली गूगलची स्क्रिप्टही धावू लागते. यूब्लॉकच्या दुसऱ्या रकान्यात हा प्रश्न येत नाही. नोस्क्रिप्टमध्ये त्यासाठी 'कस्टम' निवडून, अमुक साइट वर उघडी असेल तेव्हाच ही मुभा, अशी अट घालता येते. ती घाला, नाहीतर वर्षभरात ट्रस्टेडची यादी इतकी फुगते की काही अडतच नाही. बसवल्याबरोबर सेटिंगमधल्या 'पर-साइट परमिशन्स'मध्ये जाऊन आधीच ट्रस्टेड करून दिलेली ओळखीची मोठी नावं पाहा आणि नको ती काढा. 'डिफॉल्ट'च्या खाली कोणत्या खुणा आधीच केलेल्या आहेत तेही तिथेच तपासा. पाहुण्या साइटसाठी 'टेम्प ट्रस्टेड' वापरावं, ब्राउझर बंद केला की ते आपोआप उतरतं. सगळं तात्पुरतं मोकळं करणारं बटण मात्र पट्टीवरून काढूनच टाकलेलं बरं.

बाकीची नावं

यूमॅट्रिक्स हे हिल यांचंच, आणि मांडणीच्या सौंदर्यात अजूनही त्याला तोड नाही. पण 2020च्या सप्टेंबरात त्यांनी ते काम थांबवलं. न सांभाळलेल्या एक्स्टेन्शनला सगळ्या किल्ल्या देणं म्हणजे वर सांगितलेलं सगळं विसरणं. प्रायव्हसी बॅजर साइटमागून साइट तुमचा पाठलाग करणाऱ्यांना ओळखतं, स्क्रिप्टचं नियंत्रण देत नाही. लिबरजेएस हे आणखी एक एक्स्टेन्शन स्क्रिप्टचा परवाना मुक्त आहे की नाही ते पाहून अडवतं; मुक्त परवान्याची स्क्रिप्ट घातक असू शकते आणि बंद परवान्याची निरुपद्रवी, त्यामुळे सुरक्षिततेच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हे.

क्रोमचं काय? गूगलने एक्स्टेन्शनची जुनी चौकट, मॅनिफेस्ट व्ही-2, 2024च्या ऑक्टोबरपासून नेहमीच्या क्रोममध्ये टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आणि 2025 मध्ये मागे उरलेल्या पळवाटाही बुजवल्या. जुन्या चौकटीत प्रत्येक विनंती एक्स्टेन्शनच्या हातातून जायची आणि ते जागेवर निर्णय घ्यायचं. नव्या चौकटीत नियमांची यादी आधी ब्राउझरला द्यायची आणि निर्णय ब्राउझरने घ्यायचा. यूब्लॉक ओरिजिन म्हणूनच तिथून गेलं. त्याच्या जागी आलेलं लाइट याद्यांप्रमाणे नीट अडवतं, पण दोन रकान्यांचा तक्ता त्यात नाही, म्हणजे मीडियम मोड नाही. आणखी एक फरक कमी बोलला जातो. काही साइट पाठलाग करणाऱ्या परक्या सेवेला स्वतःच्या उप-पत्त्याचा मुखवटा देतात. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन डीएनएसला (पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेला) विचारून तो मुखवटा काढू शकतं, क्रोममध्ये एक्स्टेन्शनला ती सोयच नाही. क्रोमच राहणार असेल तर लाइटची पातळी 'ऑप्टिमल'वर ठेवा. आणि अनोळखी साइटवर पत्त्याशेजारच्या चिन्हातून साइट सेटिंग उघडून जावास्क्रिप्ट बंद करता येते, पण ती सबंध पानाची बंद होते, एका डोमेनची नाही. ब्रेव्हमध्ये शील्ड्सखाली स्क्रिप्ट अडवायचं बटण मुळातच आहे.

अँड्रॉइडवर फायरफॉक्स घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन आणि नोस्क्रिप्ट दोन्ही चालतात. क्रोममध्ये तिथे एक्स्टेन्शनच नाहीत. बोटाने तक्ता वापरणं त्रासाचं आहे, म्हणून फोनवर ईझी मोड पुरे. आयफोनवर सफारीसाठी यूब्लॉक ओरिजिन लाइट मिळतं.

मराठी साइटबाबत एक खास गोष्ट. नोस्क्रिप्ट नव्या साइटचे फॉन्टही अडवतं, आणि यूब्लॉकमध्ये बाहेरचे फॉन्ट बंद करायचं वेगळं बटण आहे. युनिकोडमधल्या साइटवर याने काही बिघडत नाही, अक्षरं संगणकातल्या निर्मला किंवा नोटोमध्ये दिसतात, उलट पान लवकर येतं. पण युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाकलेली जुनी पानं अजून काही ठिकाणी आहेत. तिथे फॉन्ट अडला की मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते, त्या डोमेनला फॉन्टची मुभा द्या. बटणांवरच्या चिन्हांऐवजी रिकामे चौकोन दिसले तर कारण तेच.

खाजगी खिडकीत एक्स्टेन्शन आपोआप चालत नाही. फायरफॉक्सच्या ॲड-ऑन पानावर त्या एक्स्टेन्शनमध्ये 'रन इन प्रायव्हेट विंडोज'ला परवानगी द्यावी लागते. आणि दोन-तीन महिन्यांनी डॅशबोर्डचा 'माय रूल्स' टॅब उघडा. डावीकडे कायमचे नियम असतात, उजवीकडे तात्पुरते. कधीतरी एकदा तिकिटासाठी मोकळी केलेली, पुन्हा न पाहिलेली साइट तिथे दिसेल. उजवीकडे ती ओळ पुसून 'सेव्ह' करा आणि मग 'कमिट'. त्यानंतर 'सेटिंग्ज'च्या तळाशी 'बॅक अप टू फाइल' दाबून फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, म्हणजे संगणक बदलला तरी साइटमागून साइट पुन्हा मोकळी करत बसावं लागणार नाही.